आवाज कव्हा येतो?

जुनी गाडी विकणारा माणूस दोन गोष्टी न चुकता करतो. गाडी धुतो, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो. धुतलेलं दिसतं, त्यामुळे त्यात लपवाछपवी नाही. तापवलेलं दिसत नाही. "आत्ताच पंपावर हवा भरून आणली," एवढं म्हटलं की विषय संपतो. पण थंड इंजिन पहिल्या दोन मिनिटांत जे कबूल करतं ते तापल्यावर करत नाही. झिजलेला पिस्टन सिलेंडरच्या भिंतीवर आपटत असेल तर तो आवाज पिस्टन तापून फुगला की विरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असेल तर सुरुवातीला टिकटिक ऐकू येते. धातू पसरून फट मिटली की तीही थांबते. टायमिंग चेन सैल असेल तर तिचा खडखडाट सेल्फ मारल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांपुरताच असतो, तेलाचा दाब भरला की चेन गप्प.

माझ्या भाच्याला हे सगळं पाठ होतं. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात आहे. जुनी जिप्सी घ्यायची ठरल्यावर त्याने विकणाऱ्याला बजावून ठेवलं होतं की मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. भल्या सकाळी जाऊन त्याने बॉनेटवर हात ठेवला, ते गार होतं. सेल्फ मारला, इंजिन शांत सुरू झालं. तेलाची काडी ओढून पाहिली, तेल स्वच्छ. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. व्यवहार झाला. आणि गाडी घरी आल्यावर काही दिवसांतच तिने टकटक सुरू केली. थंड असताना नव्हे, चांगली तापून महामार्गाला लागल्यावर.

आवाज ओळखण्याची ही गोष्ट मी लिहितोय ती त्यासाठी. 'गाडी थंड असताना बघा' हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे. पण तो निम्म्याच आवाजांना लागू पडतो.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं. हे सुपा पारनेर तालुक्यातलं, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे इतिहासात येणारं सुपे वेगळं, ते बारामती तालुक्यात आहे आणि गाडीचे सुटे भाग मागवताना कुरिअरवाले अजूनही दोघांची गल्लत करतात. आमच्या सुप्यातून पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात, पाऊस कमी, धूळ भरपूर. एका अंगाला जुनी-नवी एमआयडीसी, त्यात जपानी कंपन्यांसाठी राखलेला पट्टा. दुसऱ्या अंगाला कांदा, दूध आणि ट्रक. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, गॅरेजात मात्र अजून 'नगर'च चालतं.

या रस्त्याचं गाड्यांशी नातं जुनं आहे. पुण्याकडे जाताना रांजणगाव लागतं. तिथे २०१७ पासून जीप कंपास तयार होते. नगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्कराची चाकांची आणि पट्ट्यांची वाहनं तिथे घडतात, तपासली जातात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाखाली नव्या गाड्यांना मान्यता देणाऱ्या मोजक्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरलाच, रणगाड्यांचं संग्रहालयही तिथेच. लूना बनवणारी कायनेटिक नगरची. टेम्पो, ट्रॅक्स आणि पुढे गुरखा बनवणाऱ्या कंपनीमागचं फिरोदिया घराणंही मूळ नगरचं. तेव्हा सुपा-नगर पट्ट्यात चारचाकीच्या पोटात कान घालणारी माणसं भेटतात यात नवल नाही. त्यांच्यातले बरेचसे ट्रकवाले आणि ट्रॅक्टरवाले मिस्त्री आहेत. फोर बाय फोर गाडी त्यांच्याकडे अधूनमधूनच येते, आणि आली की आजूबाजूच्या दुकानांतली पोरं बघायला जमतात.

जिप्सीवर या पोरांचं प्रेम का, हे वेगळं सांगायला नको. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली, आधी ९७० सीसीच्या इंजिनाची, मग नव्वदच्या दशकात १.३ लिटरची जिप्सी किंग. लष्कराने आणि पोलिसांनी ती हजारोंनी वापरली. २०१८-१९ मध्ये ती बंद झाली. दिसायला साधी, वजनाला हलकी, लीफ स्प्रिंगांमुळे पाठीची हाडं मोजून घेणारी. पण चिखलात, वाळूत, दगडांवर तिच्याइतकी आज्ञाधारक गाडी कमी. महिंद्राची थार २०२० मध्ये नव्या रूपात आली आणि शहरातल्या लोकांना फोर बाय फोरचं वेड लागलं, तेव्हापासून जुन्या जिप्स्यांचे भावही वर गेले. लष्कराने लिलावात काढलेल्या, नंतर कुणीतरी रंगवून नोंदवलेल्या, उंच टायर चढवलेल्या जिप्स्या आता गल्लोगल्ली विकायला असतात. त्यांतली कोणती नुसती रंगवलेली आणि कोणती खरंच दुरुस्त केलेली, हे कागदांवरून कळत नाही. कागदांचं काम सोपं आहे. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, दुसऱ्या आरटीओची असेल तर ना-हरकत, पंधरा वर्षं उलटली असतील तर नूतनीकरण. इंजिनाचा इतिहास कुठल्याच फॉर्मवर नसतो.

भाच्याची गाडी पहिल्यांदा गेली ती एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात. तिथे त्यांनी ती उभी करून रेस दिली, लांब दांडा तेलाच्या चेंबरला टेकवून कानाला लावला आणि निदान सांगितलं: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल. हाफ इंजिन म्हणजे क्रँक, बेअरिंगं, रिंगा, पॅकिंगं आणि महिनाभर गाडी त्यांच्या दारात. सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाला भिडत होता. भाच्याने मला फोन करून आवाजाची ध्वनिफीतही पाठवली.

ध्वनिफितीवरून निदान करू नये, हे मी इथेच सांगून टाकतो. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबतो, बारीक झाला की वाढवतो. त्यामुळे साधा इंजेक्टरही त्यात हातोडीसारखा ऐकू येतो आणि खरा ठोका इंजिनाच्या गुरगुरीत बुडतो. आपल्याकडे हल्ली लोक दहा सेकंदांची फीत दहा ग्रुपांवर टाकतात आणि दहा निदानं गोळा करतात. सगळी आत्मविश्वासाने केलेली असतात.

भाच्याने फोनवरच ध्वनीचा आलेख काढणारं एक ॲपही लावून पाहिलं होतं. त्याचं तसं करणं समजण्यासारखं आहे, कारण कारखान्यात तो रोज हेच करतो. तिथे पंप, पंखे, गिअरबॉक्स यांच्या अंगावर कंपन मोजणारा सेन्सर लावतात, आणि बेअरिंगच्या आतल्या कड्याला तडा गेला की बाहेरच्या, हे आलेखावरच्या रेघांवरून सांगतात. पण कारखान्यातला पंप एका ठरावीक गतीने फिरतो. गाडीचं इंजिन तसं नाही. चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, २५ वेळा, आणि चारही सिलेंडरांचे मिळून स्फोट १००. शिवाय प्रत्येकाचे पटीतले पडसाद. भाच्याच्या फोनवर सगळ्या रेघा दिसत होत्या. त्यामुळे एकीचाही अर्थ लागत नव्हता.

त्यातला एक आकडा मात्र कामाचा आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून टॅपेट, रॉकर, वॉल्व्ह यांचा आवाज निम्म्या तालात येतो, आणि पिस्टन, रॉड, क्रँक यांचा पूर्ण तालात. निष्क्रिय चालीला, म्हणजे साधारण ८०० फेऱ्यांना, एखादा सैल टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. क्रँकच्या बाजूचा ठोका तेरा वेळा. सरावलेल्या कानाला हा फरक मोजावा लागत नाही. ज्याला मोजायचा असेल त्याने टायमिंग लाइट लावावा. तो एका सिलेंडरच्या प्लगच्या वायरला जोडतात आणि दर दोन फेऱ्यांमागे एकदा चमकतो. चमकेमागे एक आवाज असेल तर दोष वरच्या अंगाचा, दोन असतील तर खालच्या.

शेवटी गाडी सुप्यात आली. महामार्गापासून आत, वेल्डिंगच्या दुकानामागे पत्र्याची शेड, तिथले मिस्त्री. वय साठीच्या पुढे. तरुणपणी नगरच्या लष्करी भागातल्या गाड्यांवर हात बसलेला, नंतर आयुष्य ट्रकांत गेलं. भाच्याने गाडी लावली आणि थेट सांगायला सुरुवात केली.

"मिस्त्री, वरून टकटक येतेय, पण ते म्हणतात खालचं बेअरिंग."

"कुठून येतंय ते मी ऐकीन. तू कव्हा येतंय ते सांग."

मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि गाडीकडे एकदाही न बघता. थंड असताना येतं का? उभ्या गाडीत येतं का? रेस दिल्याबरोबर येतं का रेस धरून ठेवल्यावर? चढाला जास्त का उताराला? क्लच दाबला की फरक पडतो? एसी लावला की? पाण्यात घातली होती का? तेल कधी बदललं, त्याच्या आधी होता का आवाज? भाचा उत्तरं देत गेला तसं माझ्याही लक्षात आलं की यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याला त्या क्षणी पहिल्यांदा सापडत होती. सकाळी आवाज नाही. गावात फिरताना नाही. महामार्गावर ऐंशीच्या पुढे धरून ठेवली की चार-पाच मिनिटांनी टकटक. कामरगावच्या घाटात तिसऱ्या गिअरला दाबली की कडकड. पाय उचलला की पुन्हा शांत. क्लचने फरक नाही. तेलाचा लाल दिवा एकदाही लागला नाही.

"मग रॉडचं बेअरिंग नाय," मिस्त्री म्हणाले, आणि चहा मागवला.

हे कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, दोन-चार भाग. तिथे तेलाची पातळ फिल्म दाबाने धरून ठेवते म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. बेअरिंग झिजलं की फट वाढते आणि तेल तिच्यातून निसटतं. त्याचा सगळ्यात वाईट परिणाम कधी दिसतो? तेल तापून पातळ झालेलं असताना आणि पंप सावकाश फिरत असताना, म्हणजे गरम इंजिन निष्क्रिय चालीला असताना. सिग्नलला थांबल्यावर तेलाचा दिवा मिचमिचतो तो याच वेळी. रेस दिली की पंप जोरात फिरतो, दाब चढतो आणि दिवा विझतो. शिवाय रॉडचा ठोका हलक्या भाराला, पाय किंचित सोडताना जास्त स्पष्ट येतो. भाच्याच्या गाडीचं सगळं उलटं होतं. सावकाश असताना ठीक, जोरात असताना बिघाड.

पण मिस्त्रींनी लगेच उत्तर काढलं नाही. स्वस्तातल्या गोष्टी आधी बाजूला काढल्या. फॅन बेल्ट उतरवून इंजिन मिनिटाच्या आत चालवून बंद केलं. अल्टरनेटर, वॉटर पंप, पुली यांच्यापैकी कुणाचा आवाज असता तर तो गेला असता. (बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, म्हणून हे काम लांबवायचं नसतं.) मग एकेक इंजेक्टरचा प्लग काढून तो सिलेंडर बंद पाडला. रॉड किंवा पिस्टनचा आवाज असेल तर त्या सिलेंडरमधला स्फोट थांबताच तो बदलतो किंवा बंद होतो. पूर्वी यासाठी स्पार्क प्लगची वायर ओढत. इंजेक्शनच्या गाडीत तसं केलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून इंजेक्टरचा प्लग काढायचा. एकाही सिलेंडरने काही वेगळं सांगितलं नाही. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे नाहीत. वरचं कव्हर काढून फीलर गेजने टॅपेट तपासले. या इंजिनात रॉकरला स्क्रू असतात आणि फट हाताने बसवावी लागते. एकच टॅपेट जरासा सैल होता. तो बसवला तरी आवाज गेला नाही.

तोपर्यंत शेडमध्ये बघे जमले होते आणि प्रत्येकाकडे एक मत होतं. एकाने जाड तेल टाकायला सांगितलं. हा सल्ला मोठा लबाड आहे. जाड तेलाने आवाज बऱ्याचदा खरोखर कमी होतो, म्हणून तर विकणारे तेच करतात. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकून दातांचा आवाज दाबायची युक्तीही जुनीच. दोन्हींनी आवाज मरतो, दोष मरत नाही. वर नव्या मालकाला तो उशिरा कळतो.

मिस्त्रींनी इंजिनाच्या बाजूचा तेलाचा स्विच काढला आणि त्याच्या जागी काट्याचं गेज बसवलं. दिवा फार उशिरा बोलतो. दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो. त्याला 'तेल आहे का नाही' एवढंच कळतं, 'पुरेसं आहे का' ते नाही. गेज लावून इंजिन तापेपर्यंत चालवलं. निष्क्रिय चालीला काटा जिथे हवा तिथे. रेस दिली, काटा चढला. मिस्त्री म्हणाले, "धरून ठेव." भाच्याने रेस धरून ठेवली. काटा वर जाऊन थांबायला हवा होता. तो थांबला, थरथरला आणि हळूहळू खाली यायला लागला. त्याबरोबर वर टकटक सुरू झाली.

आता चित्र स्पष्ट झालं. पंपाला जितकं तेल हवं तितकं मिळत नव्हतं. रसवंतीत ग्लासच्या तळाला नळी टेकवून रस ओढून पाहा. हळू ओढला तर येतो, जोरात ओढला तर नळी तळाला चिकटते आणि काही येत नाही. इंजिनात चेंबरच्या तळाशी जाळी असते, तिच्यातून पंप तेल ओढतो. जाळी तुंबली किंवा तिच्याखालची जागा कमी झाली की मंद गतीला काम भागतं आणि जोरात फिरल्यावर पंप हवा ओढायला लागतो. तेल सगळ्यात शेवटी पोचतं ते वरच्या रॉकरांना, त्यामुळे कोरडे पडतात तेही आधी. म्हणून आवाज वरून येत होता आणि दोष तळात होता. दांडा चेंबरला लावून ऐकणाऱ्याला तो खालून ऐकू आला याचंही नवल नाही. अख्खा ब्लॉक एकच धातूचा ठोकळा. आवाज त्यातून वाटेल तिकडे फिरतो. 'कुठून' या प्रश्नाला इंजिन सरळ उत्तर देत नाही.

मिस्त्री गाडीखाली सरकले. तिथे एक जाडजूड सम्प गार्ड होतं, काळा रंग ताजा. गार्ड सोडवलं. त्याच्या आत चेंबरला मोठा खळगा पडलेला. कुठेतरी खडकावर गाडी बसली होती, नंतर कुणीतरी त्याच्यावर गार्ड चढवलं होतं. खळगा तसाच ठेवून. ऑफरोड गाडीत हे नेहमीचं आहे. संरक्षणाची वस्तू अनेकदा इजा झाल्यानंतर येते आणि ती झाकायला उपयोगी पडते. चेंबर उतरवलं तेव्हा खळग्याच्या माथ्यावर जाळीचा घासल्याचा चकचकीत ठसा होता. जाळीत सिलिकॉनच्या पॅकिंगचे तुकडे अडकलेले. कुणीतरी आधी चेंबर काढून भरपूर सिलिकॉन थापून परत लावलं होतं, आणि जे आत पिळून आलं ते सुटून जाळीत जमलं.

इथे मिस्त्रींनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. दोष सापडला म्हणून ते थांबले नाहीत. एका रॉडची टोपी सोडवून त्यांनी बेअरिंगचा तुकडा बाहेर काढला आणि उजेडात धरला. तेलाची तूट पडत असेल तर बेअरिंगला इजा झाली असण्याची शक्यता होती, आणि मग त्या मोठ्या वर्कशॉपचं निदान अर्धं तरी खरं ठरलं असतं. बेअरिंगचा पृष्ठभाग राखाडी असतो, खाली तांब्याचा थर. तांबं दिसायला लागलं की बेअरिंग संपलं. इथे करडा रंग शाबूत होता, दोन बारीक चरे सोडले तर. "वाचलं," ते म्हणाले. टोपी ठरलेल्या ताणाने परत बसवली. खळगा ठोकून सरळ केला, जाळी धुतली, नवं पॅकिंग, नवं तेल, नवा फिल्टर. जुना फिल्टर कापून उलगडून पाहिला, त्यात धातूची चमक नव्हती.

त्यानंतर गाडी कामरगावच्या घाटात नेली, गेज तसंच ठेवून. तिसऱ्या गिअरला दाबली. काटा चढला आणि जागेवर राहिला.

ऑफरोड गाडीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी या निमित्ताने सांगाव्याशा वाटतात. पहिली पाण्याची. पावसाळ्यात ओढ्यात गाडी घालणं हा हल्ली छंद झालाय. १.३ लिटरच्या इंजिनात एका सिलेंडरमध्ये पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा साधारण ४० मिलीलिटर, म्हणजे तीन मोठे चमचे. हवेच्या नळीतून त्याहून जास्त पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी कधी इतका थोडा वाकतो की गाडी चालू राहते, विकली जाते, आणि ठोका नव्या मालकाच्या हातात पडतो. चारही सिलेंडरांचं कॉम्प्रेशन मोजून एकाच सिलेंडरचं कमी निघालं तर विकणाऱ्याला ओढ्याबद्दल जरूर विचारावं. दुसरी धुळीची. हेच इंजिन ३००० फेऱ्यांना, पूर्ण दाबलं असताना, मिनिटाला दीड ते दोन हजार लिटर हवा ओढतं. पारनेरच्या पठारावर उन्हाळ्यात ती हवा म्हणजे बारीक वाळू असते. फिल्टरच्या डबीची क्लिप नीट बसली नसेल तर रिंगा आणि सिलेंडर काही महिन्यांत झिजतात. गाडी बघताना फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. आत धूळ लागली तर तेलाच्या काडीवर विश्वास ठेवू नका.

आणि आवाज इंजिनाचाच असेल असंही नाही. पाय उचलताना आणि परत दाबताना 'टण्' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. क्लच वर असताना गुरगुर आणि दाबला की बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. फक्त वाकड्या जागेवर, चेसिस पिळली जात असतानाच येत असेल तर सायलेन्सरचा पाइप कुठे टेकतोय का, इंजिनाचं माउंटिंग बसलंय का, ते आधी तपासा. एकदा मिस्त्रींकडे 'इंजिन ठोकतंय' म्हणून आलेल्या एका गाडीतून सम्प गार्डवर अडकलेला लिंबाएवढा दगड निघाला होता. तोही फक्त उताराला ठोकायचा.

मोठ्या वर्कशॉपने फसवलं, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे बिलाचा जो छापील कागद असतो त्यावर सुटे भाग आहेत, मजुरी आहे, कर आहे. ऐकण्याला रकाना नाही. अर्धा दिवस गाडीजवळ बसून, बेल्ट काढून, गेज लावून, 'इंजिनाला काही झालेलं नाही' असं सांगणाऱ्या माणसाला त्या कागदावर काहीच लिहिता येत नाही. इंजिन उघडणाऱ्याला मात्र पानभर लिहिता येतं. निदान फुकट आणि खोलणं महाग असा व्यवहार आपणच चालवला आहे. मग प्रत्येक टकटकीचा शेवट हाफ इंजिनात झाला तर तक्रार कुणाकडे करायची? गिऱ्हाईकही म्हणतं, "नुसतं बघितलं तर पैसे कसले?" डॉक्टरला तपासणी फी देताना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सुप्याच्या मिस्त्रींनी लावलेल्या बिलात पॅकिंग, तेल, फिल्टर आणि चेंबर काढण्या-बसवण्याची मजुरी होती. प्रश्न विचारल्याचे, गेज लावल्याचे आणि घाटात चक्कर मारल्याचे पैसे नव्हते. भाच्याने ते वेगळे दिले, आणि मिस्त्रींनी ते थोडे अवघडून घेतले. तुम्ही जुनी गाडी घ्याल तेव्हा व्यवहाराआधी असा एखादा मिस्त्री गाठा, त्याला गाडीजवळ न्या, घाटातून नाहीतर महामार्गावरून तापवून आणायला लावा, आणि त्याने काहीही न उघडता जे सांगितलं त्याचे पैसे रोख द्या.